मागून आणलेली टोपी

मी एक टोपी बोलतेय. लोकरीची, फिकट पिवळी, तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढी. हेदवीच्या अलीकडच्या वाडीत माघातसुद्धा दुपारी अंगाला घाम फुटतो. अशा ठिकाणी लोकरीच्या टोपीने आपलं चरित्र सांगायला बसावं, याचं कुणालाही हसू येईल. मलाही येतं. पण मी इथे हौसेने आले नाही. मला मागून आणलं. आणि जिने मला दिलं, तिची मी नव्हतेच.

सगळं पहिल्याच दमात सांगून टाकलं की काय मी? असू दे. गुपित ठेवायला माझ्यात जागा कुठे आहे! वरून बंद आणि खालून उघडी, अशी माझी बांधणी.

माझा जन्म अर्जेंटिनात झाला. हल्ली फुटबॉलमुळे ते नाव वाडीतल्या पोरांच्याही तोंडी आहे. मला विणलं एल्विरा नावाच्या बाईने. तिच्या लेकीला दिवस गेले होते. माझ्याबरोबर मोज्यांची एक जोडीही सुईवर चढली होती. दोघांच्या काठाला पिळाची पट्टी, आणि सगळे पीळ एका अंगाला वळलेले असताना सहावा मात्र उलटा. ती चूक नव्हती. एल्विराला तिच्या आईने तसंच शिकवलं होतं. बाळाच्या कपड्यात एक पीळ उलटा टाकावा, म्हणजे बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते आणि बाळापर्यंत पोचत नाही.

मी आधी तयार झाले. लेक मला पर्समध्ये घालून मैत्रिणीला दाखवायला निघाली आणि बसथांब्यावरून शिपायांनी तिला गाडीत घातलं. तिचा गुन्हा काय होता, मला कळलं नाही. टोपीला राजकारण कळत नाही. देशावर लष्कराचं राज्य होतं आणि त्या राज्यात तोंड उघडणारी तरुण माणसं दिवसाउजेडी रस्त्यावरून नाहीशी होत होती, एवढंच मी पाहिलं.

खिडकी नसलेल्या खोलीत बाळ झालं. मुलगी. मी तिच्या डोक्यावर बसले. थोड्या वेळाने कुणीतरी बाळाला माझ्यासकट उचललं. आई मागे राहिली. तिचं पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही असं म्हणतात. मला विचाराल तर त्या ‘कुणालाच’मध्ये पक्कं ठाऊक असणारे पुष्कळ जण आहेत.

मुलगी पोचली एका कप्तानाच्या घरी. व्यापारी बोटीवरचा कप्तान. त्याला मूल नव्हतं आणि लष्करात त्याचे दोस्त होते. त्याच्या बायकोने पोरीला जीव लावला, ते मी नाकारणार नाही. खोटं बोलून मला काय मिळायचंय? तिने पोरीला नवे कपडे आणले, नवं नाव ठेवलं आणि मला एका डब्यात घालून कपाटाच्या तळाशी दडपलं. तिला मला फेकवत नव्हतं. नवऱ्याबरोबर बोटीवर निघाली की घरी ठेवायची भीती वाटायची, म्हणून ती मला बरोबर न्यायची. चार वर्षं मी अशी अंधारात होते. कधीमधी झाकण उघडायचं, दोन डोळे दिसायचे, झाकण लागायचं.

एकोणीसशे एक्याऐंशी साली त्या बोटीच्या जेवणघरात दादू कामाला होता. हा आपल्या वाडीतला. त्याला घरून पत्र आलं. सांगणारी त्याची आई सोनूबाई, लिहिणारी त्याची बायको मथुरा.

मथुराचं पहिलं मूल अकराव्या दिवशी गेलं होतं. आता दुसऱ्यांदा दिवस राहिले होते. असं झालं की ह्या वाडीत येणाऱ्या बाळासाठी नवं कापड शिवत नाहीत. ज्यांची मुलं खेळतीजागती आहेत अशा सात घरांतून, त्या मुलांच्या अंगावरचं जुनं मागून आणतात. पदर पसरून मागायचं. न मागता घ्यायचं नाही, आणि मिळालेलं परत करायचं नाही. सहा घरं वाडीत झाली. सातवं सोनूबाईला लांबचं हवं होतं. ‘बोटीवरनं घेऊन ये. इतक्या लांब मरणाचा डोळा पोचत नाय,’ असं तिने सांगितलं आणि मथुराने जसंच्या तसं लिहिलं. खाली स्वतःची एक ओळ घातली: ‘माझा विश्वास नाही. तरी आणाच.’

दादू कप्तानाच्या बायकोपुढे उभा राहिला.

“मडम, प्लीज. बेबी कॅप, बेबी फ्रॉक, एनी थिंग. माय वाइफ...” त्याने पोटासमोर हवेत एक मोठा गोल काढला.

मडम हसली. आत जाऊन रिबीन बांधलेलं कोरं पाकीट घेऊन आली.

“नो, नो! नो न्यू, मडम. ओल्ड.”

“ओल्ड?”

“व्हेरी ओल्ड. युवर बेबी यूज, देन माय बेबी यूज. व्हेरी गुड फॉर बेबी.”

मडमला काही केल्या कळेना. कुठल्या देशात माणसं नवं सोडून जुनं मागतात! मग तिने डेकवर रंगीत खडूंनी मासे काढत बसलेल्या पोरीकडे पाहिलं. ती आत गेली. कपाट उघडलं. मला बाहेर काढून तिने दादूच्या हातावर ठेवलं आणि तिच्या छातीतून असा श्वास सुटला, की मला वाटलं आता ही बाई रडणार. ती रडली नाही. तिने दादूला उरलेला केकसुद्धा दिला.

दादूला वाटलं, किती मोठ्या मनाची!

घरी आल्यावर सोनूबाईने मला सुपात घेतलं आणि वरून तांदळाचे चार दाणे टाकले.

“झाली सात,” ती म्हणाली.

“लोकरीची?” मथुराने मला चिमटीत धरलं. “आई, पोर उकडून निघेल ह्यात.”

“मथुरे, जित्याच्या डोक्यावरचं टोपरं हाय ता. नाक मुरडू नको.”

“नाक नाही मुरडत. घाम पुसतेय.”

मथुरा मॅट्रिक झालेली. वाडीची बालवाडी चालवायची. पोरांच्या आयांना सांगायची, ताईत बांधू नका, लस टोचून घ्या. त्याच आयांच्या घरांतून तिच्यासाठी जुनी झबली मागून आणली होती, त्यामुळे त्या तिचं ऐकताना ओठ दाबून हसायच्या. तीही हसायची. ‘बालवाडीच्या बाई शाळेत शहाण्या आणि घरात येड्या,’ असं ती स्वतःच म्हणायची, कुणी म्हणण्याच्या आधी.

तिला विणता येत होतं. तिने मला उलटीसुलटी करून पाहिलं आणि सहाव्या पिळावर तिचं बोट थांबलं. आधी तिला वाटलं, चुकलाय. उसवून नीट करावा. सुईसुद्धा घेतली. मग म्हणाली, “बाकी सगळं इतकं रेखीव विणणारी बाई इथे चुकेल कशी?” तिने सुई ठेवून दिली. “आई, ही तीट आहे. आपण बाळाच्या गालाला काजळाची लावतो ना, तशी तिने टोपीला लावलीय.”

चार वर्षांत पहिल्यांदाच मला कुणीतरी बरोबर वाचलं होतं.

माघात मैना जन्माला आली. अकराव्या दिवशी मथुराने मला तिच्या डोक्यावरून काढूच दिलं नाही. दहा दिवस विश्वास नसलेली बाई त्या दिवशी कुणाचं ऐकेना. पोरीच्या कपाळभर घामोळं उठलं.

“काढ गो ता! पोरीला शिजवतंस काय?” सोनूबाई ओरडली.

“सूर्य मावळू दे.”

सूर्य मावळला, बारावा दिवस उजाडला, मैना दूध ओढत राहिली. मी ट्रंकेत गेले. डांबरगोळ्या, लग्नाचा शालू आणि सहा घरांची झबली यांच्यात मला जागा मिळाली. पुन्हा झाकण, पुन्हा अंधार. फरक इतकाच, की हे झाकण रोज उघडायचं. मथुरा मला बघायची, चाचपायची, ठेवून द्यायची. पहिल्या घरात मी फेकवत नव्हते म्हणून कोंडलेली होते, इथे हरवेन म्हणून. आतून दोन्ही सारखंच लागतं.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीला दादू गणपतीला घरी आला. त्याने मथुरासाठी थर्मास आणला होता, एका छापील कागदात गुंडाळून. मथुराला कागद फेकायची सवय नाही. बालवाडीत होड्या करायला लागतात. तिने तो मांडीवर घेऊन हाताने सपाट केला. त्यावर चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीत एका तरुण बाईचा फोटो, काहींत शेजारी नवराही, खाली बारीक अक्षरं. एका चौकटीत तरुण बाईशेजारी बाळाच्या मोज्यांचा फोटो होता. एक पुरा विणलेला, दुसरा अर्धा, सुई तशीच अडकवलेली.

मथुरा उठली. ट्रंक उघडून तिने मला कागदाशेजारी ठेवलं.

“अहो, हा कागद कुठला?”

“कुठला म्हंजे? तिकडे अर्जेंटिनात, चौकात म्हाताऱ्या वाटत होत्या, डोक्याला पांढरे रुमाल बांधून. थर्मासला बरा म्हणून घेतला.”

“कशाला वाटत होत्या?”

दादूने ताटातला हात थांबवला. “गोव्याचा एक बटलर हाय आमच्यात, त्याला कळते तिकडची भाषा. तो सांगत होता. त्यांच्या लेकीसुना लष्कराने नेल्या. त्यांतल्या काही पोटुशी होत्या. पोरं झाली ती वाटून टाकली.”

“वाटून टाकली?”

“मांजराची पिल्लं वाटतात तशी. लष्करातल्यांना, त्यांच्या दोस्तांना. आता राज्य बदललं, पण पोरांचा पत्ता नाय. आज्या शोधतायत.”

“हे बघा,” मथुरा म्हणाली.

“काय बघू? मोजे हायत.”

“पीळ मोजा. सहावा.”

दादूने मोजले. मग माझे मोजले. मग पुन्हा मोज्यांचे.

“विणकाम सगळीकडे सारखंच असतंय,” तो म्हणाला, पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

“कप्तानाची बायको पोटुशी असताना कुणी पाहिली?”

“मला काय म्हाईत? बटलर म्हणायचा, पोर दत्तक हाय.”

“मग?”

“मग काय नाय. गप ऱ्हायचं. तो आमच्या कंपनीचा मोठा कप्तान हाय. त्याने माज्याविरुद्ध एक ओळ खरडली की माजी नल्ली बाद.” नल्ली म्हणजे खलाशाचं पुस्तक. ती बाद झाली की कुठलीच बोट घेत नाही. “आणि खाणार काय आपण? वरकस जमिनीतली नाचणी?”

मथुराने कागदाची घडी केली आणि मला त्यात ठेवून ट्रंक लावली. त्या दिवसापासून मी आणि एल्विराच्या लेकीचा फोटो एकाच घडीत होतो. मला ओरडायचं होतं. लोकरीला ओरडता येत नाही, फार तर टोचता येतं. मी टोचलेसुद्धा असेन.

पुढचे दोन महिने मथुराने स्वतःशी जे भांडण केलं ते मी ट्रंकेतून ऐकलं, कारण घरात कुणी नसलं की ती मोठ्याने भांडायची. “भूगोलात पस्तीस मार्क मिळालेली बाई! आणि निघालीय अर्जेंटिनाचं प्रकरण सोडवायला. एक पीळ काय उलटा दिसला.” मग भांडी आपटल्याचा आवाज. मग, “आणि खरंच असलं तर? नऊ महिने कुणी वाट पाहिली, आणि पोर कुणी नेली...” मग अगदी हळू, “आणि ती पोर? ती त्या मडमलाच आई म्हणते. माझ्या एका पत्राने तिचं घर मोडायचं.”

ह्या शेवटच्यापाशी आली की ती ट्रंक उघडून मला हातात घ्यायची आणि पुन्हा आत ठेवायची.

दिवाळीनंतर एका सकाळी तिने ठरवलं. पत्रबित्र नको, कागदाच्या तळाशी पत्ता आहे, त्यावर टोपी पाठवून द्यायची. ज्याचं त्याला, आपण मोकळे. तिने मला जुन्या मांजरपाटात शिवलं. दादूला सांगितलं नाही, सोनूबाईला तर नाहीच. शेवटचा टाका घालून दाताने दोरा तोडला आणि ओटीवरून मैना खोकली.

डांग्या खोकला होता. पोर खोकता खोकता निळी पडायची. मथुरा लसीचा कागद शोधत होती. लस टोचलेली होती, तिने स्वतः रांगेत उभं राहून टोचून घेतली होती. गुहागरच्या डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले, लस घेतलेल्यालाही क्वचित होतो, उतरेल. पण मथुराने घरी येऊन पहिली गोष्ट काय केली असेल? विळीवर मांजरपाट फाडलं आणि मला पोरीच्या उशीखाली सरकवलं. मैना पावणेतीन वर्षांची. मी तिच्या डोक्याला बसत नव्हते.

खोकला उतरला. औषधाने की माझ्यामुळे, हा वाद मथुराच्या मनात कधीच सुटला नाही. मी सांगते, औषधाने. पण माझं ऐकतो कोण!

दादू पुन्हा बोटीवर गेला. मथुरा मला बघेनाशी झाली. ट्रंकेला हात लावायचा झाला तर मान फिरवून शालू काढायची. आज्यांचा कागद माझ्या पोटाशी तसाच होता. जीव मुठीत धरणं म्हणतात ना, तसं तिने आपल्या पोरीला धरलं होतं, आणि त्याच मुठीत दुसरीची पोर चिरडत होती हे तिला कळत होतं. त्यामुळे मूठ अधिकच आवळत होती.

शेवटी सोनूबाईनेच विचारलं. दोघी अंगणात कुळीथ झोडत होत्या.

“मथुरे, सहा म्हैने बघतंय मी. तुजा जेवणात ध्यान नाय. दादू कायतरी बोलला काय तुला?”

“नाही.”

“मग पोटात काय कुजतंय ता भाइर टाक.”

मथुराने सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर थांबलीच नाही. शेवटी म्हणाली, “आई, तुम्ही म्हणाल मागितलेलं परत करत नाहीत. मी शिकलेली, मला हे खरं वाटायला नको. पण माझा हातच होत नाही. टोपी गेली आणि मैनाला काही झालं तर?”

सोनूबाई झोडपायचं थांबली.

“ज्या घरातनं टोपरं आणलं, त्या घरात पोर त्यांची नव्हती?”

“नसावी.”

“म्हंजे ज्या आईची पोर, तिच्या हातनं ता मिळालंच नाय.”

“आई तर सापडतच नाही. आजी आहे.”

“मग आपण मागितलं कोणापाशी?” सोनूबाईचा चेहरा उतरला. “चोराच्या दारात पदर पसरला आपण. आणि त्याला सातवं घर म्हणून मोजलं.” तिने हातातला दांडा खाली ठेवला. “अगो, ज्या घरातली पोर गेली त्या घरचं टोपरं माज्या नातीच्या डोक्यावर चढवलं मी!”

“पण मैना तर चांगली आहे, आई.”

“हाय ना. म्हंजे त्या म्हातारीचा आशीर्वाद फुकट खाल्लाय आपण, तिला न इचारता.” ती उठली. “लिव तिला.”

“काय लिहू?”

“मॅट्रिक मी झाली काय? लिव, तुजं टोपरं आमच्याकडे हाय. आमच्या पोरीच्या डोक्यावर होतं. आमी चुकीच्या बाईकडे मागितलं, आता तुज्याकडे मागतंय. देतंस काय?”

सहा महिने मथुरा परत द्यायचं की लपवायचं, याच दोन भिंतींत डोकं आपटत होती. मागायचं तिला सुचलंच नव्हतं.

इंग्रजी पत्र तिला शाळेत एकच शिकवलं होतं, आजारपणाच्या रजेचं. त्यामुळे एल्विराला गेलेल्या पत्राची सुरुवात आणि शेवट रजेच्या अर्जासारखे होते आणि मधे बाकी सगळं. माझं मोजमाप, रंग, पट्टी, सहावा पीळ. पेन्सिलीने चित्रही काढलं. बोटीवर मिळाली, एवढंच लिहिलं. बोटीचं नाव नाही, कप्तानाचं नाही. दादूची नल्ली तिच्या लेखणीच्या टोकावर बसली होती.

उत्तर यायला आठ महिने लागले. इंग्रजीत टाइप केलेलं पत्र होतं, मथुराने शब्दकोश घेऊन दोन दुपारी वाचलं. आज्यांच्या मंडळाने बोटीचं आणि कप्तानाचं नाव विचारलं होतं. आता रक्ताच्या तपासणीवरून आजी आणि नात जुळते का ते कळतं, घाई करणार नाही, मुलीला जपून वागवू, असं लिहिलं होतं. आणि खाली एल्विराच्या वाकड्या अक्षरातल्या चार ओळी, त्यांचं इंग्रजी शेजारी: ‘टोपी मी तुझ्या मुलीला दिली. मनापासून दिली. पण एकदा माझ्या हातात येऊ दे. मी हात लावून बघते आणि तुला परत पाठवते.’

“दिली,” मथुरा सोनूबाईला म्हणाली.

“दिली ना? आता ती आपली झाली.” सोनूबाईने डोळे पुसले. “आता खुशाल पाठव.”

पण नाव? नाव दादूचं होतं, म्हणजे त्याच्या पोटात होतं. मथुरा त्याच्या येण्याची वाट बघत राहिली.

ह्या वर्षी गणपतीला तो आला. मैना साडेचार वर्षांची. दादू ओटीवर चढला तशी ती आजीच्या लुगड्यामागे लपली.

“ये गो, बाबा हाय तुजा,” सोनूबाई म्हणाली.

“नाय. तो बाबा नाय. बाबा फोटोत हाय.”

दोन दिवस ती त्याच्याकडे गेली नाही. त्याने बाहुली दिली, तिने लांबूनच ‘ठेव’ म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याच्या मिशीला हात लावला आणि विचारलं, “तू पुन्हा जाणार काय?” दादू उठून परसात गेला आणि मागीलदारी मथुरा भांडी घासत होती तिथे येऊन बसला.

मथुराने हात धुऊन त्याला पत्र वाचून दाखवलं. भांडणाची तयारी करूनच. तिने चार मुद्देही काढून ठेवले होते.

दादूने सगळं ऐकलं. भांडी घासायची राख काटकीने उकरली.

“माजी पोर मला दोन दिवस वळखत नाय, तर माज्या घशाखाली घास उतरत नाय,” तो म्हणाला. “आणि मी तिचा बाप हाय हे सगळ्या वाडीला ठाऊक. त्या म्हातारीला पोरीचं तोंडसुद्धा म्हाईत नाय.”

“तुमची नल्ली?”

“बघू. गुहागरात मासळीच्या लाँचवर जाईन. मासे काय नल्ली मागत नायत.” मग त्याने हात पुसले. “लिव.” त्याने बोटीचं नाव सांगितलं. कप्तानाचं सांगितलं. मडमचं सांगितलं. आणि थोडं थांबून, त्या पोरीला जे नाव ठेवलं होतं तेही. “तिला माशांची चित्रं काढायला आवडायचं. हे पण लिव. म्हातारीला बरं वाटेल.”

मथुराचे चारही मुद्दे वाया गेले. ती म्हणाली, “मी उगाच पाठ केले.” आणि रडायला लागली.

दादूला कंपनीचं बोलावणं अजून आलेलं नाही. येईल की नाही, कुणी सांगावं.

काल मथुरा मला घेऊन पोस्टात गेली. परदेशी पार्सलाला एक फॉर्म भरावा लागतो. मास्तरांनी विचारलं, “आत काय?”

“टोपी.”

“भेट, नमुना की विक्रीचा माल?”

मथुरा अडली. “परत पाठवतेय. म्हणजे आहे माझीच, पण... जिची आहे तिला बघायला.”

“बाई, इथे तीनच रकाने आहेत.”

“मग भेट लिहा,” ती म्हणाली. मास्तरांनी लाखेचे शिक्के मारले. मथुरा खिडकीपाशी उभीच. मागच्यांची रांग चुळबुळली, तेव्हा कुठे हलली.

तर मी आता ह्या पार्सलात आहे, पार्सल गोणपाटाच्या पिशवीत आहे आणि पिशवीला दोरी बांधली आहे. पोचेन की मधेच कुठल्या बंदरात कुजेन, मला सांगता येत नाही. पोचले तरी नात सापडेल का, सापडली तर बोलेल का, हेही नाही. कुणी शहाण्याने मला विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं की अशा गोष्टीत कुणाचंच पुरतं बरं होत नाही.

पण मुली, तू आता नऊ वर्षांची असशील. कधीतरी तुझ्या दारी पांढरा रुमाल बांधलेली म्हातारी येईल. दार उघड असं मी म्हणणार नाही. हवं तर लावून घे. जिला आई म्हणालीस तिच्या कुशीत शिरून रड, त्यात तुझा काहीच दोष नाही. मात्र कुणी तुला सांगितलं असेल की तुझ्या खऱ्या आईला तू नको होतीस, तर ते ऐकू नकोस. तू जन्मलीस त्या खोलीत तुझ्या आईखेरीज दुसरं कुणी तुझ्या बाजूचं नव्हतं, मी होते. तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली होती. तिने तुला पाहिलंच नाही. बोटांनी चाचपून तुझं डोकं शोधलं, मला त्यावर घातलं, आणि ते लोक तुला उचलायला लागले तेव्हा तिने माझी कड सोडली नाही. त्यांना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.